घोड्यांची देखभाल शिकायची आहे, कुणाच्या हाताखाली राहू?

नागावची_पुळण

सगळ्यांना नमस्कार. मी अलिबागजवळच्या नागावची. यंदा बारावी झाले, अठरा पूर्ण आहेत. माझ्या मामाकडे एक घोडा आणि एक घोडी आहे. घोडा गाडीला असतो, घोडी पर्यटकांना पुळणीवर फेरी मारते. शाळा सुटली की मी मामाकडेच असायचे. खरारा करणं, तोबरा (तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी) बांधणं, खोगीर घालणं-उतरवणं, लीद काढणं, हे सगळं करत आले आहे.

मला हेच काम आयुष्यभर करायचंय, पण नीट शिकून. मामाला जे येतं ते त्याला आजोबांकडून आलंय. घोड्याचं पोट दुखायला लागलं की मामा त्याला चालवत ठेवतो. का चालवायचं विचारलं तर "असंच करतात" एवढंच म्हणतो. मला ते 'का' कळायला हवंय.

इंटरनेटवर इंग्लंडची माहिती वाचली. तिथे माझ्या वयाची मुलं तबेल्यात नोकरीला लागतात, पगार घेतात, काम करता करताच शिकतात आणि शेवटी परीक्षा देऊन 'इक्वाइन ग्रूम, लेव्हल २' पूर्ण करतात. आपल्याकडे असं काही आहे का? पशुवैद्यकीय पदवीला जाण्याइतके 'नीट' (NEET) परीक्षेत गुण नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला दवाखान्यापेक्षा तबेल्यात राहायचंय.

आमच्या ओळखीत एक घोडेमालक आहेत, त्यांच्याकडे सहा-सात घोडी आहेत. "दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की ये, शिकवतो" म्हणालेत. पैशांचा विषय निघाला की गप्प बसतात. आई म्हणते, मुलीच्या जातीला हे काम नाही, आणि फुकट राबवून घेतील. माझी आई काळजीपोटी बोलते, तिला मला व्यवस्थित उत्तर द्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

कोर्लईकर

कायद्याच्या अंगाने थोडं सांगतो. आपल्याकडे अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे किनाऱ्यावरचा घोडेवाला, जो स्वतः आणि त्याचा मुलगा मिळून धंदा करतो, तो यात बसतच नाही. तिथे शिकलीस तर हाताला कला येईल, सरकारी कागद येणार नाही. मोठा स्टड फार्म (घोड्यांची पैदास करतात ती जागा) किंवा रायडिंग क्लब असेल तर त्यांना सरळ विचार की शिकाऊ उमेदवार म्हणून सरकारी पोर्टलवर नोंद करून घ्याल का. विचारायला काही जात नाही.

दुसरं, माफसूच्या (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) अखत्यारीत पशुसंवर्धनाचे पदविका अभ्यासक्रम आहेत. त्यात भर गाई-म्हशींवर, कोंबड्यांवर असतो, पण जनावराच्या शरीराचा पाया पक्का होतो.

जुना_मोतद्दार

बाळ, तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर तोच डोक्यात होता. मी चौलचा. तरुणपण सगळं मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, म्हणून गेलं. आता गावी असतो, दोन घोड्या सांभाळतो, कुणाचं जनावर अडलं तर बघायला जातो.

कागदपत्रांचं वर लिहिलंय ते बरोबर आहे. मी फक्त एकच सांगतो. दिवाळीनंतर त्या मालकाकडे जायचं म्हणतेस, तसं करू नकोस. आत्ता जा. भर पावसात, न सांगता जा.

सीझनमध्ये कुठलाही घोडा चांगलाच दिसतो. कपाळाला गोंडे असतात, अंगाला तेलपाणी असतं, रोजची कमाई असते म्हणून चंदीही (दाण्याचा खुराक) वेळेवर मिळते. मालकही खुशीत असतो. खरी पारख जून ते सप्टेंबर. शनिवार-रविवार सोडले तर पुळणीवर माणूस नसतो. कमाई बंद, पण घोड्याचं पोट बंद होत नाही. त्या चार महिन्यांत जो माणूस आपलं जनावर उभं ठेवतो, त्याच्याकडे शिकण्यासारखं काहीतरी आहे. काही जण काय करतात ते तू नागावात बघितलं असशील. दावं सोडतात आणि घोडं रस्त्यावर काढून देतात. ते भिजत फिरतं, कचऱ्यात तोंड घालतं, प्लास्टिक खातं, गाडीखाली येतं. अशा माणसाकडे तू पाच वर्षं राहिलीस तरी लगाम धरण्यापलीकडे काही मिळणार नाही.

गेलीस की काय बघशील ते सांगतो.

आधी जमीन बघ. घोडा उभा आहे ती जागा कोरडी आहे का. आपल्याकडे चार महिने हवाच ओली. त्यात घोडा मुतात आणि लिदीत उभा राहिला की टापेच्या खालचा जो मऊ त्रिकोणी भाग असतो तो कुजायला लागतो. काळा चिकट स्राव येतो आणि असा वास येतो की एकदा घेतलास तर जन्मात विसरणार नाहीस. टाप उचलून दाखवा म्हण. जो मालक हसत हसत टाप उचलून दाखवेल तो रोज साफ करतो असं समज. कारणं सांगायला लागला तर तूही नमस्कार करून निघ.

मग वैरण बघ. हिशोब साधा आहे. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के सुकं खाणं लागतं. आपल्याकडचं ३५० किलोचं घोडं धर, म्हणजे दिवसाला ७ किलो. चार महिन्यांचं ८ ते ९ क्विंटल झालं, एका घोड्याचं. एवढं सगळं आगोटीला, म्हणजे पावसाआधी, भरून ठेवणं प्रत्येकाला जमत नाही, मधे हिरवं गवतही मिळतं, ते मान्य. पण निदान निम्मं तरी माळ्यावर किंवा फळ्यांवर, जमिनीपासून उचलून ठेवलेलं दिसलं पाहिजे. हात आत घालून बघ. गरम लागलं, धूळ उडाली, बुरशीचा वास आला तर ते घोड्याला विष आहे. गाय चालवून घेते ते घोडं चालवून घेत नाही. गाईला रवंथ आहे. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. आत गेलं ते आतड्यातूनच बाहेर पडायचं. म्हणून त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घालावं लागतं. आपल्याकडे भाताचा पेंढा स्वस्त म्हणून सगळे तोच टाकतात. पेंढ्याने पोट भरतं, अंगाला लागत नाही. बरोबर चांगलं सुकं गवत हवं, आणि कुळीथ किंवा हरभरा द्यायचा तर कुळीथ शिजवून, हरभरा भिजवून, मोजून.

मृगाचं पहिलं कोवळं गवत आलं की लोकांना वाटतं आता फुकट चारा आला. सुकं खाणाऱ्या घोड्याला एकदम हिरव्यावर सोडलं की पोट फुगतं. आठवडाभर घेऊन हळूहळू वाढवायचं. हे तुझ्या त्या मालकाला विचार. "हिरव्यावर कसं आणता?" एवढाच प्रश्न. उत्तरावरून माणूस कळेल.

आणि वाळू. घोड्याला पुळणीवर जमिनीवर खायला टाकलं की घासाबरोबर वाळू पोटात जाते आणि तळाशी साठत राहते. लीद बादलीभर पाण्यात कालवून ठेव, थोड्या वेळाने तळाला वाळू बसली तर समज. तोबरा त्यासाठीच असतो. मामाची घोडी कशी खाते ते आजच बघ.

खाऱ्या पाण्याचंही तसंच. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात, घोड्याचे पाय, पोट, तंगाखालची (पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखालची) जागा खाऱ्या पाण्याने भिजते. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं नाही की मीठ तसंच राहतं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी तंग घासतो आणि जखम होते. पाठीवर, काखेत, पोटाखाली पांढरे केस आलेले ठिपके दिसले तर त्या जागी पूर्वी जखमा झाल्या आहेत. हे ठिपके खोटं बोलत नाहीत.

आमच्या रेवदंड्याला अफनासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला. त्या काळात आखातातून, अरबस्तानातून घोडे जहाजात भरून चौल, दाभोळला आणत आणि घाटावर चढवत. घोडे इथे उतरायचे, पण राहायचे वरती, कोरड्या मुलखात. हे मुद्दाम सांगतोय, कारण घोडं हे आपल्या हवेतलं जनावर नाही. मारवाडात, काठियावाडात घोडा कसा ठेवतात हे वाचून किंवा व्हिडिओ बघून कोकणात घोडा ठेवता येत नाही. इथला पावसाळा इथेच शिकावा लागतो, आणि तो फार थोड्यांना येतो. तू शिकलीस तर रेवसपासून मुरूडपर्यंत तुला मागणी राहील.

आता काय क्रमाने शिकायचं. रेसकोर्सवर मला वस्तादांनी सुरुवातीला फक्त घोड्याचे पाय दिले. बाकी कशाला हात लावू दिला नाही. पहाटे अंधारात, घोडा बाहेर काढायच्या आधी, चारही पाय गुडघ्यापासून खाली हाताने चाचपायचे. कुठे गरम आहे का, कुठे भरलंय का, कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे. मी सांगायचो, ते पुन्हा हात लावून बघायचे. चुकलं तर रागवायचे नाहीत, माझा हात धरून त्या जागेवर ठेवायचे. असे दिवसामागून दिवस. मग खरारा, मग चंदी, मग पट्ट्या बांधणं, आणि घोड्याला चालवायला फार उशिरा दिलं. शर्यतीचा घोडा लाखांचा असतो, पण तुझ्या मामाच्या घोड्याच्या पायाची शिरही तशीच असते. कोरड्या भुसभुशीत वाळूत पळवलं की तीच शीर ताणते. ओल्या घट्ट वाळूवर चालवावं.

जो माणूस तुला पहिल्याच आठवड्यात पर्यटकांची पोरं बसवून लगाम हातात देईल, तो तुला शिकवत नाही, त्याचा एक नोकर वाचवतोय. हे आईला सांग, ती बरोबर बोलतेय.

किनाऱ्यावरचा_घोडेवाला

काका, तुमचं सगळं पटलं, पण एक बाजू माझीही ऐका. माझी चार घोडी आहेत. पावसाळ्यात आम्ही सोसायटीचं कर्ज काढून वैरण भरतो आणि गणपतीपर्यंत ते कसंबसं ओढतो. मे महिन्यात जे मिळतं त्यात घर, पोरांच्या फिया, लायसन, नाल, औषध सगळं. ज्यांनी घोडी सोडली त्यांचं समर्थन नाही करत, पण त्यातले काही जण स्वतः उपाशी असतात हे मी बघितलंय. आणि मुलीला पगार देत नाही म्हणून तो मालक लबाडच असेल असं नाही. जूनमध्ये द्यायला त्याच्याकडे खरोखर नसतील. तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून गप्प बसतो माणूस.

ताई, तू जा, पण त्याला स्पष्ट विचार. आमच्या धंद्यात शिकायची इच्छा असलेली पोरं येतच नाहीत. माझा स्वतःचा मुलगा येत नाही.

दापोलीचा_पशुवैद्य

मी पशुवैद्य आहे, दापोली-हर्णै भागात काम करतो. घोडे कमी येतात, पण आले की गंभीर अवस्थेतच येतात, म्हणून लिहितो.

तुझ्या 'का' चं उत्तर. पोटशूळ झालेला घोडा वेदनेने लोळतो, त्यात स्वतःला जखमा करून घेतो. हळू चालवल्याने तो लोळत नाही आणि आतड्याची हालचाल व्हायला थोडी मदत होते. पण चालवणं हा उपचार नाही. तासन्‌तास दमवून चालवलेला घोडा माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्यात उपचार सोसायची ताकद उरलेली नसते. घोडा पायाने जमीन उकरतोय, वळून वळून पोटाकडे बघतोय, लीद टाकलेली नाही, खाणं सोडलंय, एवढं दिसलं की खाणं समोरून काढ, डॉक्टरला फोन कर आणि मग हळू चालव. शांत उभा राहत असेल तर उगाच चालवूही नकोस. तोंडातून तेल, सोडा, काढे ओतू नकोस. ते श्वासनलिकेत जाऊन घोडा मेल्याचं मी पाहिलंय.

फोन करशील तेव्हा तीन आकडे तयार ठेव. प्रौढ घोडा शांत असताना तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटाने लागते. मामाच्या दोन्ही जनावरांचे हे आकडे रोज वहीत लिहायला आजपासून सुरुवात कर. आपल्या घोड्याचा नेहमीचा आकडा ज्याला माहीत आहे, त्यालाच आजार आदल्या दिवशी कळतो. नाडी साठच्या वर गेली आणि हिरड्या गडद लाल किंवा जांभळट दिसल्या तर पहाटेचे तीन वाजले असले तरी डॉक्टरला उठव.

स्वतःची काळजी. धनुर्वाताचं इंजेक्शन कामाला लागायच्या आधी घे. घोड्यालाही ते दिलं आहे का विचार, कारण धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक पाळीव जनावर दुसरं नाही, आणि किनाऱ्यावर गंजलेले खिळे, शिंपल्यांच्या कडा काय कमी आहेत? दुसरा आजार ग्लँडर्स. घोड्याच्या नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि त्या फुटून जखमा, असं दिसलं तर उघड्या हाताने स्पर्श करू नकोस. तो माणसाला होतो आणि जीवघेणा असतो. तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, रक्ताचे नमुने तपासले जातात, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे त्याचं काम चालतं. बाधित घोडा वाचवता येत नाही, मारावाच लागतो. त्यामुळे मालक लपवतात. तू लपवू नकोस. नवीन घोडा जत्रेतून किंवा बाजारातून आणला की काही आठवडे इतरांपासून लांब बांधणारा मालक मिळाला तर त्याला सोडू नकोस.

पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा आजार पसरतो. ताप चढ-उतार होतो, घोडा खंगतो, पाय आणि पोटाखाली सूज येते. अशक्तपणा समजून लोक गूळ-चंदी वाढवत बसतात आणि वेळ जातो.

मर्यादाही सांगतो. टोचणं, सलाइन लावणं, शिरेतून औषध देणं हे मालकाने सांगितलं म्हणून करायचं नाही. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही, आणि काटेरी लगाम तर अजिबात नाही. मे महिन्यातल्या गर्दीच्या रविवारी हे नियम पाळणारा माणूस शोध.

गुहागरची_पुण्यात

मुलीच्या जातीला हे काम नाही, यावर मीच लिहायला हवं. मी गुहागरची, आता पुण्याजवळ एका रायडिंग क्लबमध्ये तबेला बघते. माझ्या हाताखाली मुलगे आहेत. घोड्याला ताकदीने कुणीच आवरू शकत नाही, पैलवानसुद्धा नाही. त्याचा विश्वास बसला तर तो आपणहून मागे येतो. त्यामुळे ताकद कमी पडेल हा मुद्दाच नाही.

अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या आईशी उघड बोलायला हव्यात. काम पहाटे चारला सुरू होतं, तर रात्री राहायचं कुठे? स्वतंत्र खोली, आतून कडी, स्वच्छतागृह आहे का? आधी कुणी मुलगी तिथे होती का, असेल तर तिचा नंबर मागून घे आणि तिच्याशी बोल. आईला एकदा जागा दाखवून आण. मी एका ठिकाणी पाहायला गेले होते, तिथे घोड्यांना पंखे होते आणि बाई माणसाला मोरी नव्हती. मी परत आले. हेल्मेट आणि टाचेचे बंद बूट याशिवाय घोड्यावर बसू नको, मालकाने हसलं तरी.

पुढचे रस्ते बघायचे तर रेसकोर्सचं काम काकांना जास्त माहीत आहे. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, पुण्याचा पावसाळ्यात, घोड्यांबरोबर माणसांनाही हलावं लागतं. लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरचं केंद्र मेरठला आहे, पण ती भरतीची वेगळी वाट. मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते स्टड फार्मने. घोडीचे ११ महिने भरत आले की रात्री जागायच्या, कारण बहुतेक घोड्या रात्रीच वितात. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर डॉक्टरला बोलवायचं. एका हंगामात तिथे जे दिसतं ते किनाऱ्यावर दहा वर्षांत दिसणार नाही.

आणि नालबंदीचा विचार कर. मनापासून सांगते. इंग्लंडचं वाचलंस ना, तिथे १९७५ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल मारताच येत नाही, आणि त्यासाठी साधारण चार वर्षं नोंदणीकृत नालबंदाच्या हाताखाली काढावी लागतात. इतकं ते जबाबदारीचं मानतात. आपल्याकडे म्हातारे नालबंद चाललेत आणि मागे कुणी नाही. घोडा कमावता असो की बसून असो, दर सहा-आठ आठवड्यांनी टापा कापाव्याच लागतात. म्हणजे पावसाळ्यातही काम आहे. ब्रुक इंडियासारख्या संस्था नालबंदांना प्रशिक्षण देतात, त्यांना लिहून बघ.

नागावची_पुळण

सगळ्यांचे खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. नाडी शोधायला वेळ लागला, पण सापडली. मामाच्या घोडीची ३६ आहे, घोड्याची ४०. बादलीत लीद कालवली तर घोडीच्या लिदीत वाळू निघाली. मामाला दाखवल्यावर तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी जुना तोबरा शिवून आणला.

त्या मालकांकडे आईला घेऊन पावसात गेले. घोडी सगळी आत होती. जमीन चिऱ्यांची, उतार काढलेला, वर भाताचं तूस पसरलेलं. टाप उचला म्हटलं तर त्यांनी सातही जणांच्या उचलून दाखवल्या. एकाला तो वास होता, त्यांनी स्वतःच सांगितलं आणि काय लावतात ते दाखवलं. वैरण बेड्यात (खोपीत) फळ्यांवर आहे, पण मला ती कमी वाटली. हिरव्याचं विचारलं तर म्हणाले, आधी सुकं खायला घालतो आणि मग तासभर सोडतो, रोज थोडं वाढवतो. एका घोडीच्या पाठीवर पांढरे ठिपके आहेत, त्यांनी ती तशीच विकत घेतली होती म्हणे.

पैशांचं मीच विचारलं. घोडेवाले दादा म्हणाले तसंच निघालं. गणपतीपर्यंत देऊ शकत नाही म्हणाले, आणि बोलताना खाली बघत होते. आईचं मन थोडं वळलंय. ती विचारतेय की कागदावर काय लिहून घ्यायचं?

जुना_मोतद्दार

चांगला माणूस दिसतो. वास लपवला नाही, यातच बरंचसं कळलं. ठिपक्यांचंही खरं बोलत असेल. नवीन जखम नाही ना, तेवढं त्या घोडीवरचं खोगीर उतरवून बघत जा.

आईला सांग, साध्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या, मामा साक्षीदार. गणपतीपर्यंत पैसे नाहीत, तर तोवर अर्धा दिवसच काम, सकाळचं, आणि दुपारचं जेवण तिथे. गणपतीनंतर महिन्याला किती ते आकड्यात, आणि सीझनला किती ते वेगळं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. घोड्याची लाथ लागली, पडलीस, तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे ठळक लिहा, कारण याच गोष्टीवरून पुढे माणसं तुटतात. पर्यटकांना बसवण्याचं काम पहिलं वर्षभर तुझ्याकडे नाही. संध्याकाळी सातच्या आत घरी. आणि शेवटचं कलम त्याच्याकडून तुझ्यासाठी: नालबंद येईल त्या दिवशी तू त्याच्या शेजारी उभी राहणार, त्या वेळात दुसरं काम सांगायचं नाही.

वैरण कमी वाटली म्हणालीस ना. किती क्विंटल आहे ते अंदाजाने मोज, सात घोड्यांना भागून बघ आणि किती दिवस पुरेल ते त्याला सांग. राग मानणार नाही. नारळी पौर्णिमेच्या आत संपत असेल तर इथे कळव. पेण बाजूचा एक जण सुक्या गवताच्या गाठी आणतो, मी त्याच्याशी बोलून ठेवतो. चार-पाच घोडेवाल्यांनी मिळून टेम्पो मागवला तर भाडं परवडतं. घोडेवाले दादा, तुम्हालाही हवं असेल तर सांगा.